दुभाष्याची सही

ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. कॅलिफोर्नियात डिटेक्टिव्ह म्हणून सत्तावीस वर्षं काढली, खुनीही पाहिले, पण इतका संताप क्वचितच झाला.

त्या दिवशी सकाळी ड्यूटीवर आलो तोच एका होम नर्सचा फोन आला. तिच्या पेशंट, कॅन्सर झालेल्या एक मराठी आजी, मोडक्या इंग्रजीत विचारत होत्या, दुखणं थांबायचं नवं औषध कधी सुरू होणार? नर्सने पाहिलं, तर कपाटात होतं ते इच्छामरणाचं औषध. मी गाडी पाठवून आधी ते ताब्यात घेतलं, मग फाइल मागवली.

इथे मरणाच्या दारातल्या रुग्णाला असं औषध मागता येतं. त्याला माझा विरोध नाही. पण मागणी त्याची स्वतःची हवी, आणि इंग्रजी येत नसेल तर दुभाषा घरचा नको, अशी अट आहे. फाइलमध्ये दुभाष्याची सही होती, आजींच्या मुलाच्या मित्राची.

त्याला बोलावलं. मी काही घरचा नाही, असं म्हणत तो मलाच कायदा शिकवू लागला. मी विचारलं, "आजींना तू काय वाचून दाखवलंस?"

तो म्हणाला, "काका, काकू झोपल्या होत्या. त्यांचा मुलगा म्हणाला, फक्त साइन कर यार. मराठी मंडळात आपण एकमेकांच्या फॉर्मवर साइन करतोच ना!"

"आणि व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांशी कोण बोललं?"

"तोच. मी नुसता बाजूला बसलो होतो."

मग मुलाला समोर बसवलं. तो रडत म्हणाला, "आईचे हाल मला बघवत नव्हते."

"बघवत तुला नव्हतं, आणि औषध तिला?" मी टेबलावर हात आपटला. पोलिसाने आपटू नये, तरी आपटला.

पुढे केस सरकारी वकिलाकडे गेली. कायद्यात कितीही अटी घाला, आपल्या माणसांची भीड त्या खाऊन टाकते. माझा थोडा राग माझ्यावरही होता. मंडळातल्या कितीतरी फॉर्मवर मीही न वाचता सह्या ठोकल्या होत्या.

मुलाची चौकशी झाली त्याच दुपारी आजींच्या पलंगाशी बसून मी सगळे कागद मराठीत समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलगा दाखवेल तिथे मी सही करते," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "आता नको म्हणायचं असेल, तर सही कुठे करायची?"

"आजी, नको म्हणायला सही लागत नाही."

ही तरतूद कायद्यात पहिल्यापासून होती. त्यांना ती कोणी सांगितलीच नव्हती.