तुतीची मोठी पानं

म्हैसूरला आमच्या प्रयोगशाळेमागे प्लास्टिकच्या भिंतींचे, वरून उघडे असे दोन गोल कक्ष होते. दोन्हींत तुती लावलेली. एकात बाहेरचीच हवा. दुसऱ्यात आम्ही नळीतून जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सोडायचो, आणखी काही दशकांनी हवेत असेल तितका. तिथली तुती बघता बघता माजली. पानं माझ्या तळहाताहून मोठी. मला फार आनंद झाला होता, हे आज कबूल करते.

त्याच सुमारास आत्या टी. नरसीपूरहून डोळे दाखवायला आली आणि बोगादीला माझ्याकडे राहिली. तिनं जन्मभर रेशीमकिडे पाळलेले. म्हणून कौतुकानं तिला प्रयोगशाळेत नेलं.

तिनं एक मोठं पान अंगठ्यानं चोळलं. "सोप्पु दिसतो छान," ती म्हणाली. पानाला आमच्या घरात कन्नड शब्दच चालतो. "पण अंगात काही नाही याच्या."

मी हसले आणि तिला किड्यांच्या खोलीत घेऊन गेले. एकाच दिवशी अंड्यातून निघालेले किडे दोन तबकांत होते, एकेका कक्षातल्या पानांवर वाढवलेले. मोठ्या पानांवरचे किडे लहान राहिले होते. तरी खात तेच जास्त होते. त्या तबकातली बारीक करकर थांबतच नव्हती. आत्या कान देऊन उभी राहिली. तिचा चेहरा उतरला.

"हा आवाज मी ऐकलाय. किडे पाळणं सोडलं, त्याआधीची दोन-तीन वर्षं आमच्याकडे असंच. खातात, खातात, भरत नाहीत."

मी समजावलं, की या हवेत पान फुगतं, पण त्यातलं प्रथिन विरळ होतं.

तिनं तबकातलं एक पान उचलून परत ठेवलं. मग म्हणाली, "सुनेला मी किती बोलले गं! शिळं पान घालतेस, म्हणून कोष हलके येतात म्हणून. अय्यो, उलट शब्द नाही काढला तिनं. पहाटे उठून ताजं पान तोडून आणायची."

सून दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती.

"आत्या, तुमच्याकडची हवा अजून इतकी बदललेली नाही. ऊन वाढलं, पाऊस चुकला, एखादा रोगही असेल. नेमकं कारण नाही सांगता येणार."

"तिचा दोष होता, असं सांगता येईल?"

"नाही."

कोष होईपर्यंत ती मुद्दाम थांबली. मोठ्या पानांवरच्यांनी उशिरा, पातळ कोष विणले. उजेडात धरले की आतला किडा दिसायचा. काही नुसता धागा सोडून मरून गेले. आतला किडा वाजतो का ते ऐकायला तिनं एक कोष कानाशी हलवला आणि ठेवून दिला.

बसमध्ये चढताना म्हणाली, "वाटेत सुनेच्या आईकडे उतरते. पाहिलं ते सांगते."

महिन्यानं फोनवर मी विचारलं, काय झालं?

"कॉफी दिली त्यांनी," आत्या म्हणाली. "सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, आता मला कशाला सांगता?"