पिवळा फौजी ट्रक

रविवारी सीतापुऱ्यात स्कूटर दुरुस्तीला दिली आणि शेजारच्या गॅरेजमधल्या एका अवाढव्य फौजी ट्रकला मी ऐटीत टेकलो. रंग ओला होता. माझ्या ऑफिसच्या शर्टाची पाठ पिवळीधमक झाली. सुट्टीलाही मी ऑफिसचाच शर्ट घालतो. त्याशिवाय आपल्याला कोणी मोजत नाही, असा माझा समज आहे.

ट्रकखालून पिकल्या मिशांचे एक गृहस्थ सरपटत बाहेर आले. त्यांनी आधी ब्रश फिरवून ट्रकवरचा माझा ठसा मिटवला.

शरम झाकायला मी शहाणपणा केला, "फौज का ट्रक तो हरा होता है ना?"

"वो वर्दी है, साहब. नीलामी के बाद मना है."

बावीस वर्षं त्यांनी लष्करात असेच ट्रक चालवले होते. निवृत्तीनंतर लिलावात घेतलेला हा ट्रक मात्र दोन वर्षं बंदच होता. आज सुरू झाला नाही तर भंगारात जाईल, असं बायकोने त्यांना बजावलं होतं.

ते वर चढले. म्हशीला थोपटावं तसं त्यांनी स्टिअरिंग दोनदा थोपटलं. ट्रक खोकला, गप्प झाला, पुन्हा खोकला आणि पत्रे थरथरवत सुरू झाला. त्यांनी घरी फोन लावून तो इंजिनापाशी धरला. "सुन रही हो?"

मग मला म्हणाले, "हम दोनों की वर्दी उतर गई, साहब. अब घर के कपड़ों में चलके दिखाएंगे."

घरी येऊन हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. तिने माझी पाठ पाहिली.

"शर्ट गेला ना? बरं झालं," ती म्हणाली. "आता रविवारी तुम्हीही घरच्या कपड्यांत चालून दाखवा."