तोफेचे स्वर

आमच्या घरात रणगाडा आला तो फिजिओथेरपीवाल्याच्या सांगण्यावरून. ह्यांचा उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकाच सकाळी गेली होती. अंगठा तरी हलता राहावा म्हणून एखादा खेळ द्या, असं तो म्हणाला, आणि पुण्याच्या जावयाने व्हिडिओ गेमचा डबा धाडून दिला. त्यातले मोटारींचे खेळ ह्यांना झेपेनात. रणगाडा बरा, बिचारा आपल्या चालीने चालतो. अंगठ्याखालची खुंटी फिरवली की तोफ वळते, डाव्या हाताने बटण दाबलं की सुटते. ब्रह्माघाटावरच्या वैदिकाच्या घरात, जिथे पूजेच्या वेळी रेडिओसुद्धा लावायची सोय नव्हती, तिथे दिवसभर धडाधड तोफा सुटू लागल्या. म्हटलं, करा बापडे.

हे जन्मभर पाठशाळेत यजुर्वेद शिकवत. आमच्या शाखेत नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही. स्वराबरोबर उजवा हात हलतो. वर, खाली, बाजूला. विद्यार्थ्याचा हात बोटभर चुकला तरी हे मनगट धरून जागेवर आणत. आत जेवायला बसले असले तरी बाहेरचा चुकलेला स्वर ह्यांना घास गिळू देत नसे.

लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी चटणी वाटता वाटता कानावर पडलेलं म्हणत होते. हे पूजेवरून उठून आले. बायकांनी हे म्हणायचं नसतं, म्हणाले, आणि चुकीचं तर कुणीच म्हणायचं नसतं. त्या दिवशी चटणीत मीठ दुप्पट पडलं, ते काही अगदीच चुकून नाही. पुढे चाळीस वर्षं मी तोंड मिटून ऐकलं. ऐकून ऐकून सगळं पाठ झालं, ते ह्यांना कधी कळलं नाही.

तर यंदाच्या चैत्रात मी भाजी निवडत बसले होते. पडद्यावरची तोफ वर गेली, खाली आली, बाजूला वळली, पुन्हा खाली. माझा हात देठावर थांबला. अगं बाई, हे तर स्वर! वाचा गेली, पण वेद आत शाबूत आहे आणि अंगठ्यातून बाहेर येतोय, असं मी धरूनच चालले. मुलीला फोन केला. पाठशाळेत निरोप धाडला की ह्यांची जागा इतक्यात कुणाला देऊ नका. फिजिओवाला नजर चुकवून म्हणाला, माताजी, खुंटी तेवढ्याच बाजूंना वळते. मला त्याचा संताप आला. त्याला काय कळणार, म्हटलं.

रोज मी पोथी उघडून शेजारी बसू लागले. कधी दोन स्वर जुळत, कधी तीन. चौथा चुकला की अंगठा दमला म्हणायचं. बुडत्याला काडीचा आधार, तसा मला त्या तोफेचा.

मग पाठशाळेतून विचारणा आली, गुरुपौर्णिमेपासून नवे गुरुजी नेमायचे का. उत्तर मला द्यायचं होतं. त्या दुपारी मी ह्यांच्यासमोर, पडदा अडणार नाही अशी बसले आणि हात हलवत मोठ्याने म्हणू लागले. तेही जाणूनबुजून चुकीचं. जिथे वर जायचं तिथे हात खाली. दोन्ही गुन्हे एकदम. मनात म्हणत होते, डोळे वटारा, निदान कपाळाला आठी तरी घाला. ह्यांच्या रागाची अशी वाट मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

तोफ आपली वर, खाली.

"अहो, चुकले मी," मी म्हटलं. "धरा ना माझा हात."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार प्रेमाने पाहिलं. असं कधी पाहायचे नाहीत. मग पडद्याकडे वळले. तोफ सुटली, समोरची भिंत पडली, आणि हे अर्ध्या तोंडाने, पण मनापासून हसले.

मी पोथी बांधून ठेवली आणि पाठशाळेत कळवलं, नवे गुरुजी नेमा.