मामाने बंद केलेला पंखा

आमच्या घरात भांडणं व्हायची ती चहात साखर जास्त पडली म्हणून, नाहीतर गीझर चालू राहिला म्हणून. गीझरच्या बाबतीत बाबा फार कडक. ट्रॉम्बेला अणुऊर्जेच्या कामात आयुष्य घालवून ते निवृत्त झाले. वीज कशी तयार होते हे बघितलेल्या माणसाला ती वाया गेलेली बघवत नाही, असं त्यांचं म्हणणं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर पॅनेल आले तेही त्यांनी कमिटीचं डोकं खाल्लं म्हणूनच. कोळशावर त्यांचा मनापासून राग. धूर न काढता वीज देणारं जे काही असेल ते आपलं, आणि त्यात अणुवीज पहिली, हा त्यांचा हिशेब.

आईचं माहेर कोकणात, समुद्राला लागून. तिथे तिचा एकुलता एक धाकटा भाऊ, माझा मामा, आंब्याची बाग सांभाळतो. दर भाऊबीजेला तो यायचा. पिशवीत कुळथाचं पीठ आणि आमसुलं असायची, आणि आल्या आल्या "चाय टाक गो बाय" अशी आरोळी. आई त्याला ओवाळायची आणि मग बाबा आणि तो जे गप्पांना बसायचे ते आम्हाला विसरूनच जायचे. बाबांना गाण्यातलं काही कळत नाही, पण मामाचं भजन ते डोळे मिटून ऐकायचे. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर जे झालं ते एकमेकांवर जीव असलेल्या माणसांत झालं.

त्या किनाऱ्यावर अणुवीज प्रकल्प येणार असं जाहीर झालं आणि मामाची बाग त्याच्या नकाशात गेली. गावात सभा झाल्या, मोर्चे निघाले. पुढारी येऊन हात जोडून गेले. विरोधात असताना एक बोलले आणि सत्तेत आल्यावर दुसरंच. मामा प्रत्येक मोर्च्यात पुढे होता. आई इथे टीव्हीसमोर बसून त्याला गर्दीत शोधायची आणि बाबा चॅनल बदलायचे.

त्या वर्षीच्या भाऊबीजेलाही मामा आला. ऑक्टोबरचा उकाडा होता. ओवाळून झालं, पानं वाढली, आणि बाबांनी विषय काढलाच.

"मोहोर गळतोय म्हणतोस, उन्हाने कैऱ्या भाजतायत म्हणतोस. हे हवामान बिघडलं कशाने? कोळसा जाळून जाळून. तो थांबवायचा तर प्रकल्प कुठेतरी उभा राहायला नको का?"

"म्हणजे कोळशान आंबो खाल्ल्यान," मामा म्हणाला, "आता जमीन तुमी खावा."

एरवी बाबा खो खो हसले असते. त्या दिवशी ते चिडले. म्हणाले, "वीज नको म्हणायला काय जातं? म्हणणारा पंख्याखाली बसूनच जेवतोय ना?"

मामा उठला. डाव्या हाताने त्याने पंख्याचं बटण बंद केलं आणि परत पाटावर येऊन बसला. "आता जेवतंय," एवढंच म्हणाला. कपाळावरून घाम टपकत होता. तो पुसत, सावकाश, पानात शीतही न टाकता तो जेवला. कुणाचीही पंखा लावायची हिंमत झाली नाही. हात धुऊन तो आईच्या पाया पडला. "मी परत ह्या घरात येवचंय नाय, बाय," म्हणाला आणि गेला.

प्रकल्प काही उभा राहिला नाही, रद्दही झाला नाही. निवडणूक आली की तो जागा होतो, मग पुन्हा झोपतो. मामाने मात्र शब्द पाळला. बाबा बाहेर गेले की आई त्याला फोन करायची. तिचं माहेर तेवढ्यावर आलं होतं. बाबांना सोडून एकटीने तिकडे जायचं तिच्या मनाला पटेना, आणि बाबांना ‘बरोबर चला’ म्हणायची सोय उरली नव्हती. भाऊबीजेला ती पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, आणि तबक देवापुढे ठेवून द्यायची. तो रिकामा पाट मला बघवायचा नाही. तू कुणाच्या बाजूची, असं मला बाबांनीही विचारलं आणि मामानेही. मी आईच्या बाजूची होते. हे उत्तर दोघांनाही आवडलं नाही.

गेल्या दिवाळीत आईने पाट मांडलाच नाही. संध्याकाळी तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी घेतली आणि सरळ म्हणाली, "यंदा चंद्राला ओवाळते."

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. सणवारांना ते नेहमी नाक मुरडतात, पण याचा अर्थ त्यांनाही ठाऊक होता. जिला भाऊ नाही, ती चंद्राला भाऊ मानून ओवाळते.

"अगं, तो चांगला धडधाकट आहे," ते म्हणाले.

"आहे ना. पण मला कुठे आहे?"

बाबांनी पेपरची घडी घातली. मग तेच म्हणाले, "आपल्या गॅलरीतून दिसणार नाही. बीजेचा चंद्र खाली असतो, टॉवरच्या मागे जाईल. गच्चीवर चल, लवकर मावळतो तो." तबक त्यांनी स्वतःच उचललं. वाऱ्याने निरांजन विझू नये म्हणून हाताचा आडोसा धरून ते जिने चढत होते. मी मागून बघत होते. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती.

गच्चीवर त्यांच्या लाडक्या पॅनेलांच्या दोन रांगांमध्ये आम्ही तिघं उभे राहिलो. पश्चिमेला डोंगराच्या वर, दोन टॉवरच्या मध्ये, चंद्राची बारीक कोर होती. आईने तबक हातात घेतलं आणि तशीच उभी राहिली.

"ओवाळ ना," बाबा म्हणाले.

"हात उचलत नाही हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. आईला रडताना मी क्वचितच पाहिलंय.

बाबांनी खिशातून फोन काढला. बराच वेळ तो नुसताच चाचपत राहिले. मग मामाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन आईच्या तोंडासमोर धरला. स्वतः मागे राहिले.

फोन उचलला गेला, पण समोर नुसता काळोख.

"बाय?" मामाचा आवाज आला.

"तू दिसनस नाय रे," आई म्हणाली. त्याच्याशी बोलताना ती पार माहेरची होऊन जाते.

"लाईट गेली हा गो. दुपारपासना नाय."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर एक वाक्य आलेलं मला स्पष्ट दिसलं. कोणतं ते सांगायला नको. आयुष्यभर ते असं वाक्य सोडत आले होते. त्यांनी ते गिळलं.

तिकडे काडी पेटली. मामाने देवघरातली समई आणून समोर ठेवली आणि तिच्या उजेडात त्याचा चेहरा आला. केस पार पिकले होते, गाल बसले होते. आईने डोळे पुसले, फोनच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं आणि ओवाळलं. इकडे निरांजन, तिकडे समई आणि वर ती कोर.

ओवाळून झाल्यावर मामाने विचारलं, "फोन कोणी धरल्यान?"

आईने खरं ते सांगितलं.

मग मामा म्हणाला, "भावोजींका सांग, पंखो मी बंद करूक नाय हां. लाईट आपसून गेली."

आई रडता रडता हसली. बाबांनी नुसती मान हलवली, आणि ती मामाला दिसणार नव्हती.

खाली आलो. आईने पानं घेतली. बाबा बसले, पहिला घास घेतला, आणि डावा हात टेकून उठले. गुडघे कुरकुरले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी पंखा बंद केला.

"अहो, उकडतंय," आई म्हणाली.

"उकडू दे," बाबा म्हणाले, आणि पानात शीतही न टाकता जेवले.