कोरं काही नसलेलं घर

जगातल्या निर्दोष वस्तूंवर आमच्या मामासासऱ्यांइतका मनापासून अविश्वास कुणी धरला नसेल. खोक्यातून नुकताच काढलेला गुळगुळीत, चकचकीत फ्रिज पाहिला की त्यांच्या चेहऱ्यावर, फार गोड बोलणाऱ्या माणसाला भेटल्यावर येतो तसा भाव येतो. "याचं काही खरं नाही, जावईबापू," ते मला म्हणतात, "इसका अभी कुछ हुआ ही नहीं है." हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. ग्वाल्हेरात कंपू भागात राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या घरात दुकानातून पुऱ्या किमतीला आलेली एकही विजेवर चालणारी वस्तू नाही. फ्रिजच्या दाराला पोचा, मिक्सरच्या बुडाचा टवका उडालेला, टीव्हीची चौकट एका कोपऱ्यात तडकलेली. पंख्याला दोन पाती पांढरी आणि एक बदामी, त्यामुळे तो फिरायला लागला की छतावर दुधात चहाचा थेंब पडल्यासारखं काहीतरी सारखं ढवळलं जात असतं. बाड्याच्या चौकापासून इंदरगंजच्या बाजारापर्यंतचे सगळे दुकानदार त्यांना ओळखतात. "मामाजी, आपके लिए एक गिरा हुआ रखा है," असा फोन आला, की मामा जेवणावरून उठायचे.

आता, पैसे वाचवायला म्हणून हे सुरू झालं असणार, यात शंका नाही. पण पैसे वाचवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पोच्यावर प्रेम करणारा माणूस हा एकच. दुपारी पडदे ओढून मामा दिवाणावर आडवे होतात, मामी शेजारी पेंगत असतात, आणि मामा फ्रिजच्या दाराकडे बघत राहतात, लहान मुलं ढगांकडे बघतात तसे. स्वतः झाशीच्या पलीकडे ते फारसे गेलेले नाहीत. पण हा फ्रिज ट्रकमधून कसा निघाला, घाटात दोर कसा सैल झाला, शेजारच्या कपाटाने त्याला खांदा कसा मारला, हे सगळं त्यांना त्या खळग्यात दिसतं. "बघा, इथे सावली कशी पडते," ते हळू आवाजात म्हणतात, "हा समुद्राकडून आलाय." आणि नवीन वस्तू घरी आली की सगळे लोक स्वस्तिक मध्यभागी काढतात, मामा ते मामींकडून नेमकं पोच्यात काढून घेतात. "जिथे लागलंय तिथेच कुंकू लावायचं," हा त्यांचा नियम.

मी मुळात न बोलणारा माणूस. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासरच्या बैठकीत माझी वाक्यं मोजकीच. त्यामुळे आता जे सांगतोय ते घरात कुणालाच सांगितलेलं नाही. माहीत आहे ते फक्त बायकोला, कारण टॉवेल तिने धरला होता.

झालं असं, की यंदा थंडीत मामी अंगणात घसरल्या आणि उजवं मनगट मोडून बसल्या. त्याच सुमाराला त्यांचं जुनं वॉशिंग मशीनही घरघर करून गप्प झालं. मामा म्हणाले, बघतो एखादं. रोज जायचे आणि रिकाम्या हाताने यायचे. हल्ली माल फुटतच नाही, आणि फुटला तर दुकानदार परस्पर कंपनीला परत धाडतो. "थर्माकोलने वाटोळं केलं सगळं," मामा हताशपणे म्हणायचे. तोवर धुणं तेच धुवायचे. मामी एकदा हिला फोनवर म्हणाल्या, "अगं, धुतात ते चांगलं, पण चादर पिळताना त्यांचे हात थरथरतात. मी प्लास्टर घेऊन स्टुलावर बसून बघायचं. नाही गं बघवत."

ही लगेच मामांना म्हणाली, आम्ही घेऊन देतो. मामा ताठ झाले. "जावयाकडून घ्यायचं? आणि तेही कोरं? दोन-दोन पापं?"

मग मी नवं मशीन घेतलं. दुकानदाराला म्हटलं, भाऊ, बाजूला जरा एक पोचा मारून द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहब, तबीयत तो ठीक है? नया पीस है, मुझसे तो हाथ नहीं उठेगा." शेवटी मशीन आमच्याच घरी आणलं. हिने टॉवेलची घडी करून धरली, मी वरवंटा उचलला. आयुष्यात मी कुणावर हात उगारलेला नाही, त्यामुळे पहिला घाव टॉवेललासुद्धा कळला नाही. "अहो, मारताय की थोपटताय?" ही म्हणाली. दुसऱ्या घावाला पत्रा असा काही आत गेला, की आम्ही दोघंही एकदम खाली बसलो, जणू कुणी ओरडलं होतं.

मामांना सांगितलं, पडलेला पीस होता, निम्म्यात मिळाला. ते निम्मे त्यांनी तिथल्या तिथे माझ्या हातात मोजून दिले आणि मशीनपुढे उकिडवे बसले. पोच्यावरून बोट फिरवत राहिले. "वा!" ते म्हणाले, "जावईबापू, आँख है आपके पास!" मामींनी डाव्या हाताने, वाकडंतिकडं का होईना, मी ठोकलेल्या खळग्यात स्वस्तिक काढलं. मग मशीन सुरू झालं. काचेआड मामींची निळी साडी आणि मामांचा सदरा एकमेकांत गुंतत, सुटत फिरायला लागले, आणि दोघं नवरा-बायको शेजारी शेजारी बसून ते बघत राहिले. मामांचे हात मांडीवर निवांत पडलेले होते. मामींचं लक्ष मशीनपेक्षा त्या हातांकडेच जास्त होतं.

तिथेच संपलं असतं तर बरं होतं. पण मामांनी विचारलं, "दुकान कुठलं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इंदरगंजला, आतल्या एका गल्लीत."

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मामा मला बोलावून घेतात. आम्ही दोघं इंदरगंजच्या गल्ल्यांमधून ते दुकान शोधत फिरतो. दिवे लागत असतात, शटर अर्धी खाली आलेली असतात, कुठेतरी कचोरी तळल्याचा वास येतो. मी एखाद्या वळणावर थांबून आठवल्यासारखं करतो. मामा धीर देतात, "आठवेल, घाई नाही." चालताना ते बोलत असतात: लहानपणचं, कचेरीतलं, मामींशी लग्न ठरलं तेव्हाचं. वीस-बावीस वर्षांच्या नात्यात माझ्याशी ते एवढं कधी बोलले नव्हते, आणि मीही त्यांच्याशी.

परवा सांगूनच टाकायचं असं ठरवून गेलो होतो. एका बंद दुकानाच्या पायरीवर मामा टेकले. हल्ली त्यांना दम लागतो, पण ते दुकानाची पाटी वाचतोय असं दाखवतात. मी शेजारी बसलो. म्हटलं, "मामा, ते दुकान..."

"बंद पडलं असेल," ते माझी समजूत काढत म्हणाले. "अच्छी दुकानें ज़्यादा दिन नहीं चलतीं. मनाला लावून घेऊ नका." आणि उठायला आधार म्हणून त्यांनी माझा हात धरला. त्या हाताला फारसं वजन उरलेलं नव्हतं.

माझे शब्द ओठांपर्यंत आलेले होते. मी समोर पाहिलं आणि म्हणालो, "पाण्याच्या टाकीमागची गल्ली राहिली आहे, मामा. पुढच्या शनिवारी तिकडे जाऊ."