आबांची हरळी

गवतावर पाऊल ठेवण्याआधी आबा चपला काढत. वरणगावच्या कारखान्याच्या वसाहतीत त्यांनी उभा जन्म माळीकाम केलं. तिथल्या साहेबांनाही ते बूट घालून हिरवळीवर येऊ देत नसत. “माती दबते साहेब, मुळं गुदमरतात,” असं तोंडावर सांगत.

निवृत्त झाल्यावर ते जळगावला आमच्याकडे कामाला आले, तेव्हा माझ्या वडिलांना, भाऊंना, अर्धांगवायू होऊन वर्ष होत आलं होतं. डॉक्टरांनी मऊ गवतावर अनवाणी चालायला सांगितलं होतं, म्हणून भाऊंनी हौसेनं पुण्याहून बारीक पात्याचं, गालिच्यासारखं गवत मागवलं होतं. एप्रिलात ते करपलं आणि भाऊंनी चालायचंच सोडलं होतं. दिवसभर ओसरीवरच्या खुर्चीत बसून राहायचे.

आबांनी करपलेल्या गवताची मुळं चिमटीत चुरगाळून पाहिली. “ह्याचा दोष नाही, भाऊ. थंड हवेतलं लेकरू इथल्या उन्हात आणून बसवलं.” दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेची हरळी गोणपाटात भरून आणली. भाऊ भडकले. “माझ्या बापानं जन्मभर शेतातली हरळी खणून काढली, आणि मी ती अंगणात लावू?”

“संपली का त्यांच्यानं?” आबांनी शांतपणे विचारलं.

भाऊ एकदम हसले. कित्येक महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

आबांनी माती खणली, दगड वेचले, कुजलेलं शेणखत मिसळलं आणि हरळीच्या काड्या वीत-वीत अंतरावर टोचल्या. रुजल्यावर आईला बजावलं, “आता रोज शिंपडू नका अक्का. दिवसाआड सकाळी पोटभर पाणी द्या, म्हणजे मुळं खाली जातील.” भाऊ खुर्चीतून लक्ष ठेवायचे. पुढे खुर्ची अंगणात आली, मग ते बसल्या बसल्या उजव्या हातानं तण उपटू लागले. कापणीच्या वेळी आबा म्हणत, “उन्हाळ्यात बोटभर उंच राहू द्यायची. तिची सावली तिलाच लागते.”

श्रावणात आबांनी भाऊंना हाताला धरून उभं केलं. चौथ्या पावलाला भाऊ कोसळले. मी धावले, तर आबा म्हणाले, “थांब पोरी. गवतावर पडले ते. उठतील.” भाऊ कोपरावर रेटत, धापा टाकत, आपले आपण उठले. मग रोज पडायचे, रोज उठायचे.

दोन वर्षांनी आबा मुलीकडे जामनेरला राहायला निघाले. वाकून त्यांनी गवतावर एकदा तळहात फिरवला. “बठ्ठं तुमच्या हाती शे आता,” सगळं भाऊंवर सोपवत एवढंच बोलले. भाऊ त्यांच्याबरोबर रिक्षा थांब्यापर्यंत गेले. मी थोडं अंतर ठेवून मागे चालत होते. रिक्षात बसता बसता आबांना एकदम काळजी वाटली. “इतके लांब आलात भाऊ, आता परत कसे जाल?”

“चालत,” भाऊ म्हणाले.