टँकर आणि मीटिंग

आमच्या टाकीत पाणी साठत नाही, किस्से मात्र ओव्हरफ्लो होतात. कोपरला राहायला आलो तेव्हा 'टँकर' आणि 'मीटिंग' या दोन इंग्रजी शब्दांची आपसात ओळख असेल असं वाटलं नव्हतं. आता दोन्ही ऐकले की सारखाच थकवा येतो.

'टँकर'च्या पुढे आमच्याकडे कायम 'निघालाय' लागतं. फोन केला की ड्रायव्हर म्हणतो, "शीळफाट्याला आहे साहेब, आलोच!" एकदा मीच शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेलो. तिथूनच फोन लावला, "कुठेयस रे?"

"तुमच्या गेटवर, साहेब!"

\*

'मीटिंग'च्या पुढे लागतं 'झाली'. सोसायटीचे सेक्रेटरी कदमकाका पार्किंगमध्ये खुर्च्या मांडतात आणि एकटेच बसून राहतात. मी एकदा लांबूनच विचारलं, "काय काका, ठराव पास?"

"एकमताने!"

\*

माझा मेहुणा वर्तकनगरला राहतो. त्याच्याकडे पाणी भरपूर, तरी मीटिंगमध्ये हाणामारी. मी म्हटलं, "तुम्हाला रे काय कमी?"

"भावोजी, तुमचं बरंय," तो उसासला. "तुम्हाला भांडायला कारण तरी आहे!"

\*

आमचं गेट अरुंद, टँकर आत शिरत नाही. लिफ्टही नाही. मग अख्खी बिल्डिंग जिन्यावर उभी राहते आणि बादल्या हातोहात वर जातात. "टँकर आला" म्हटलं की घरात कुणी थांबत नाही!

कदमकाकांनी हे हेरलं. एका रविवारी ओरडले, "टँकर आला!" सगळे धावत खाली. बघतो तर खुर्च्या मांडलेल्या!

तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनी भडकल्या. "काका, या बादलीचं करू काय?"

"उलटी करा आणि बसा वहिनी, खुर्च्या कमी आहेत!"

ही युक्ती काकांनी पुन्हा पुन्हा वापरली.

\*

मग काकांच्याच लेकीची, अश्विनीची हळद आली. चौथा मजला, घर पाहुण्यांनी भरलेलं. पोरीला हळद लागली आणि नळाला पाणी नाही. नवरीची आंघोळच अडली! घरातली पिंपंही कोरडी.

आणि टँकर खरंच आला.

काका जिवाच्या आकांताने ओरडले, "टँकर आला होऽऽ!"

एकही दार उघडलं नाही. पाटीलवहिनींनी खिडकीतून विचारलं, "अजेंडा काय, काका?"

"अहो, आईशप्पथ टँकर आहे!"

"मागच्या वेळी पण आईशप्पथच होती!"

ड्रायव्हर हॉर्न मारून कंटाळला. "काका, मी निघू?" काका पायरीवर मटकन बसले. मीही दाराआडच होतो, खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात गॅलरीत अश्विनी आली. तोंड, हात, सगळं पिवळं. गळा फाडून ओरडली, "काका-काकूंनो, आजची मीटिंग रद्द झालीय!"

धडाधड दारं उघडली! माणसं बादल्या घेऊन बाहेर. रस्त्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत साखळी लागली. पिंपं भरली. वरून अश्विनीचा आवाज आला, "बाबा, झाली आंघोळ!"

काकांनी डोळे पुसले. जिन्याकडे वर पाहिलं. प्रत्येक पायरीवर एक मेंबर आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली बादली.

काकांनी खिशातून चष्मा काढला.

"मंडळी, कोरम पूर्ण आहे!"